मार्क बेताचे असले तरी फी निम्मी होऊ शकते

बारावीला पंचावन्न टक्के पडले म्हणून शिष्यवृत्तीचा नाद सोडू नका. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत खुल्या प्रवर्गासाठी मुख्य अट उत्पन्नाची: कुटुंबाचं वर्षाला ८ लाखांच्या आत. इंजिनिअरिंग, फार्मसीचा प्रवेश मात्र कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की विषय संपला.

अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, दरवर्षी करायचा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

खरी गोची बँकेत होते. खात्याला आधार नुसता जोडून भागत नाही, एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेत सीडिंग लागतं, म्हणजे आधारवर येणारे पैसे कुठल्या बँकेत टाकायचे याची नोंद. दोन खाती असली तर पैसे सगळ्यात शेवटी सीड केलेल्या खात्यात जातात, आणि पोरगं भलतंच पासबुक छापून आणतं! अर्ज कॉलेजच्या लॉगिनला मंजुरीविना पडून नाही ना, हेही क्लार्ककडे जाऊन विचारा.