कार्निव्हल ग्लास गोळा करतानाचा माझा अनुभव

ओहायोत राहायला आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी एका इस्टेट सेलमध्ये (घरातलं सगळं सामान विकायला काढतात तो) टेबलावर नारिंगी बाउल दिसला, जरा तिरका धरला की गुलाबी, आणखी वळवला की हिरवट, अगदी धूपछाँव पैठणीसारखे रंग फिरत होते त्यात. 15 डॉलरला घेऊन टाकला. तिथल्या काकू म्हणाल्या कार्निव्हल ग्लास आहे, मी तर हे नावच पहिल्यांदा ऐकत होते.

मग वाचायला लागले. वेस्ट व्हर्जिनियात विल्यमस्टाउनला फेंटन कंपनीचा काचकारखाना होता, त्यांनी 1907 च्या शेवटी ही काच आणली आणि पुढच्याच वर्षी व्हीलिंगच्या हॅरी नॉर्थवूडने. त्याआधी अशी चमकणारी काच म्हणजे टिफनी नाहीतर स्ट्यूबेन या महागड्या कंपन्यांची, हाताने फुंकून केलेली आणि श्रीमंतांनाच परवडणारी. यांनी काय केलं, तर साच्यात दाबून बाउल काढले आणि काच गरम असतानाच तिच्यावर धातूंच्या क्षारांचा फवारा मारला. कडेच्या झालरी मात्र हातानेच वळवायचे, म्हणून एकाच साच्यातले दोन बाउल पण डिट्टो सारखे नसतात, आणि मला तीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. जत्रेत बक्षीस म्हणून द्यायचे त्यावरून पडलेलं कार्निव्हल हे नाव पुष्कळ नंतरचं.

तर दुसरी खरेदी फसली. एका अँटिक मॉलमध्ये द्राक्षांचं डिझाइन असलेला जांभळा बाउल, खाली गोलात नॉर्थवूडचा शिक्का, एन हे अक्षर, आहे असं दुकानदाराने दाखवलं, मी चमक बघूनच खूश, 90 डॉलर दिले. घरी भिंगाखाली बघितलं तर त्या एनला एक जादा दांडी! 1970 च्या आसपासची नक्कल निघाली. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, पैशापेक्षा आपण नीट बघितलं नाही याचंच जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून मी आधी बूड बघते. चमक वरवरची असते, काचेचा खरा रंग बुडाशी कळतो कारण तिथे फवारा नसतो किंवा अगदी पातळ असतो, खिडकीशी उजेडाकडे धरायचं. मॅरीगोल्ड म्हणतात त्या नारिंगीची काच खाली चक्क बिनरंगी, पारदर्शक असते, आणि वरून काळा वाटणारा बाउल उजेडात जांभळा निघतो. बुडाच्या कडेवर बोट फिरवायचं, शंभर वर्षं टेबलावर सरकलेल्या भांड्याला तिथे बारीक, वेड्यावाकड्या दिशांच्या रेघा असतात, सगळ्या एकाच दिशेने असल्या तर कुणीतरी घासल्यात असं समजायचं. काचेत उठवलेलं फेंटन असं नाव दिसलं तर तो 1970 चा किंवा त्यानंतरचा. आणि नॉर्थवूडच्या सगळ्याच खऱ्या भांड्यांवर एन नसतो हे पण लक्षात ठेवा, नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका. (फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सने पण कार्निव्हल ग्लास केलीय, ती शोधायची अजून राहिलीय.)

मला हवा होता नॉर्थवूडचा मोरांचा बाउल, कुंपणावर दोन मोर असलेला, पाठीमागून उभ्या रेघांचा. दीड वर्ष लागलं. तीन सोडून दिले, एकाच्या झालरीचा टवका उडाला होता आणि दोघांचे बुडाचे फोटोच विकणाऱ्याने पाठवले नाहीत. चौथ्याने सगळे फोटो दिले, जांभळा, बूड बरोब्बर. पार्सल आलं ते जानेवारीच्या कडाक्यात, बाहेर शून्याखाली, आणि जुनी काच थंडीतून एकदम गरमीत आली तर तडकते, त्यामुळे खोका न उघडता आतल्या थंड खोलीत तसाच ठेवला. नवरा म्हणे अगं उघड की. नाही उघडला. दुसऱ्या दिवशी दुपारी उघडला, हाताला गार लागत नाही बघून मगच बाहेर काढला आणि खिडकीशी धरला, मोरांच्या पिसांवरून निळा रंग सरकत जाऊन कडेला सोनेरी झाला.