पाचाचं शिसं आठाचं निघालं

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की शिशाचा कडकपणा मोजायचा वाईसवाला टेस्टर जमला, आता मासेमारीच्या वजनांसाठीचं सगळं शिसं तपासून, कडकपणाचा आकडा (बीएचएन, म्हणजे ब्रिनेल; शुद्ध मऊ शिसं साधारण पाच, आकडा वाढला की कडक) लिहून डबे भरून ठेवतो. ते सगळं रद्द समजा. डबे भरले, लेबलंही लावली आणि सगळी लेबलं चुकीची निघाली.

झालं काय, जूनपासून दोन महिने मासेमारी बंदीत करंजा बंदरावर गडबड कमी, म्हणून ठरवलं होतं की जिताड्याचे जिगहेड (गळावर ओतलेलं शिशाचं डोकं) आणि स्प्लिट शॉट (लाईनवर पक्कडीने मिटवायचे चिरेचे छर्रे) दोन्ही ओतून ठेवू. जिगहेडला कडक शिसं चालतं, उलट साचा छान भरतो, डोळ्याची खाच पण उठून येते. स्प्लिट शॉटला मात्र मऊच पाहिजे. तर 'सात' लेबलवाल्या डब्यातलं शिसं घेतलं, म्हटलं पाच नाही तर सात, चालून जाईल. रबाळ्याच्या गाळ्यात साठ-सत्तर शॉट ओतले, एकदम चकाचक, आणि पक्कडीने पहिला दाबला तर बिजागरीलाच तडा. दुसरा, तिसरा, तेच. जे मिटले त्यांनी लाईन अशी चावली की हाताने ओढली तरी तुटली.

आता सात बीएचएनचं शिसं असं वागत नाही. डोकं फिरलं. आधी वाटलं वाईस तिरका दाबतोय. आपली पद्धत माहितीच आहे, अर्ध्या इंची बेअरिंगचा छर्रा मध्ये, एका बाजूला माहितीतलं शुद्ध शिसं, दुसऱ्या बाजूला तपासायच्या शिशाची लादी, आणि दाबायचं. जोर दोन्हीकडे सारखाच, म्हणून दोन खड्ड्यांच्या व्यासांच्या गुणोत्तराचा वर्ग केला की कडकपणाचं गुणोत्तर मिळतं. मी जबड्यांना पॅकिंग दिलं, लादी कानशीने सपाट केली, खड्ड्याची कड दिसत नव्हती म्हणून दाबायच्या आधी काळा मार्कर फिरवला (हे मात्र करून बघाच, खड्डा चकचकीत आणि बाजूला काळं, मोजायला एकदम सोपं). आकडे तेच. मग वाटलं लादी ताजी असेल, कारण अँटिमनीवालं शिसं ओतल्यावर काही दिवस कडक होत राहतं. दोन आठवडे थांबलो. घोडबंदर रोडच्या टायरवाल्यांकडून आणलेली क्लिपवाली बॅलन्सिंगची वजनं, जी सगळं जग अकरा-बारा म्हणतं, ती माझ्याकडे परत सातच.

खरं तर इथेच ट्यूब पेटायला हवी होती.

परवा कोळीवाड्यातल्या एका काकांकडे जुन्या पागेराची (फेकायच्या जाळ्याची) शिसं मागायला गेलो. त्यांना टेस्टरचं सांगितलं तर म्हणाले, "नखान दाबून बग, मशीन कनाला पायजे?" आणि दाबून दाखवलं, नखाची चंद्रकोर उमटली. मी घरी येऊन माझ्या 'शुद्ध' शिशावर तेच केलं. पुसटशी रेघ. झालं ना! रात्री अकराला वाईस लावला, एका बाजूला काकांचं शिसं ठोकून सपाट केलेलं, दुसऱ्या बाजूला माझं शुद्ध. काकांकडचा खड्डा ६.२ मिमी, माझा ४.९. वर्ग करा, १.६ येतं. म्हणजे काकांचं पाच धरलं तर मी ज्याला पाच धरून बसलो होतो ते आठ! आणि सातचा डबा खरा अकराचा. टायरवाल्यांचं शिसं पहिल्यापासून बरोबरच बोलत होतं, खोटं होतं ते माझं माप. ज्याने ते शुद्ध म्हणून जास्त भावाने विकलं त्याचं नाव घेत नाही, पण यापुढे कोणाचंही 'प्युअर आहे साहेब' मी ऐकणार नाही.

खात्रीला पेन्सिली वापरल्या. शिसपेन्सिलमध्ये शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं, आणि तिनेच शिसं तपासायचं, मला याची दर वेळी गंमत वाटते. लाकूड सोलून टोक सँडपेपरवर सपाट करायचं, ४५ अंशात धरून पुढे ढकलायचं. काकांच्या शिशाची ५बीनेच साल निघाली, माझ्या शिशावर ५बी घसरली आणि ४बीने (बीचा आकडा लहान तशी पेन्सिल कडक) खणायला सुरुवात केली. स्टेडलरचा संच गोखले रोडवरून घेतलाय, महाग आहे पण कंपन्या मिसळू नका, एकाची ४बी दुसऱ्याची ३बी असते. ढीग वेगळे करायला हे पुरेसं आहे, खरं सांगायचं तर सत्तर टक्के लोकांना टेस्टर लागतच नाही.

ली कंपनीचा तयार टेस्टर मागवायचा विचार सोडला. तो रिलोडिंग प्रेसमध्ये (काडतुसं भरायच्या यंत्रात) बसतो, आपल्याकडे प्रेस कुठे, नुसत्या त्याच्यासोबतच्या मायक्रोस्कोपसाठी एवढे पैसे घालणं जिवावर येतं. पण लिहिता लिहिता सुचलं, त्याची पद्धत चोरता येईल की! ५/३२ इंची छर्रा, ६० पौंड, ३० सेकंद. ६० पौंड म्हणजे २७.२ किलो. ठरलेलं वजन असलं की तुलनेसाठी शुद्ध शिसं लागतच नाही, म्हणजे हा सगळा घोळच संपला. पहिल्यांदा भरलेला गॅस सिलिंडर डोळ्यासमोर आला, २९-३० किलो भरतो. बायकोने नुसतं बघितलं, विषय संपला. मग भाच्याच्या जिमच्या प्लेटा, २५ अधिक अडीच, साडेसत्तावीस, जवळजवळ तेच. हिशोब केला तर पाचाला खड्डा अडीच मिमीच्या आसपास आणि बाराला १.६६ येतो, म्हणजे कॅलिपर कामाचा नाही, मोबाईलच्या मॅक्रोवर स्टीलपट्टी शेजारी ठेवून फोटो काढावा लागेल.

अडचण एकच, प्लेटा सरळ खाली उतरायला गाईड रॉड हवा आणि तो लडबडला तर खड्डा अंडाकृती. ड्रिल स्टँडचा जुना खांब वापरायचा म्हणतोय. कोणी केलं असेल तर बुश (खांबावर सरकणारी नळी) कुठलं बसवलं ते सांगा. तोवर सहा किलोची लेबलं खरवडत बसलोय, आणि काकांची शिसं वेगळ्या बरणीत ठेवलीत, त्यांना ओतायला हात लावणार नाही.