हलू नका!

गेल्या महिन्यात चुलतभावाने फॅमिली ग्रुपवर एक फोटो टाकला आणि पुढचे तीन दिवस ग्रुपवर इतकी खडाजंगी झाली की रोजची गुड मॉर्निंगची फुलंसुद्धा बंद पडली. फोटो जुनाच, काकांच्या मुंजीचा, मे १९५८, नारायण पेठेतल्या वाड्याच्या चौकात काढलेला. दादाने फक्त तो कुठल्यातरी ॲपमध्ये घालून रंगीत करून घेतला होता आणि खाली लिहिलं होतं, "बघा, काल काढल्यासारखा वाटतोय की नाही!"

वाटत होता खरा. आजोबांचा कोट तपकिरी झाला होता, चौकातली फरशी चकचकीत, बटूच्या गालांवर सफरचंदासारखी लाली (काका जन्मात कधी असे गोरेगुलाबी नव्हते, ते स्वतःच म्हणाले). आणि आजीचं लुगडं हिरवंगार.

इथे आत्या पेटली. आत्या आता ऐंशीची आहे, तिला टाईप करायला जमत नाही म्हणून ती व्हॉइस नोट पाठवते, प्रत्येक किमान दोन मिनिटांची. "हिरवं कुठलं? अंजिरी होतं ते! मी त्याच्यावर तूप सांडलं होतं आणि भर मांडवात धपाटा खाल्ला होता, मला नाही आठवणार तर कोणाला आठवणार?" दादा म्हणाला अगं आत्या, ॲप राखाडी शेडवरून हिशोब करतं. त्यावर आत्या म्हणाली, "तुझं ॲप होतं का मुंजीला?" ह्याला काही उत्तर नव्हतं.

आता एका लुगड्याच्या रंगावरून एवढं का, तर आमच्याकडे १९६१च्या आधीचा दुसरा फोटोच नाहीये. १२ जुलै १९६१ला सकाळी पानशेत फुटलं, खाली खडकवासल्याचं धरणही गेलं, लकडी पुलावरून पाणी वाहिलं आणि नदीकाठच्या पेठांमधले वाडे मातीच्या ढेकळासारखे विरघळले. आमचाही गेला. माणसं वाचली, ती आधी शाळेत आणि मग कितीतरी दिवस नातेवाइकांकडे राहिली, पण पेटी-कपाट-कागद सगळं गेलं. हा एक फोटो वाचला कारण तो आमच्या घरात नव्हताच, मुंजीनंतर आजोबांनी एक कॉपी आजीच्या माहेरी साताऱ्याला पोस्टाने पाठवली होती. पुण्यातल्या बऱ्याच घरांचं असंच आहे, जुने फोटो दाखवा म्हटलं की अल्बम १९६१च्या पुढे सुरू होतो. दरवर्षी जुलै आला की पेपरात पुराचे फोटो छापून येतात, मी त्यात आमचा वाडा शोधते. सापडत नाही. पडलेले वाडे सगळे सारखेच दिसतात.

तर ह्या लुगड्याच्या भांडणापासून मला नाद लागला. रात्री जेवणं झाली की लॅपटॉप उघडायचा आणि कुठलेतरी जुने फोटो झूम करकरून बघत बसायचं. नवरा म्हणतो, दुसऱ्यांच्या घरात डोकावण्यासारखंच आहे हे. आहेच. पण दार त्यांनीच उघडं ठेवलंय.

पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो आहे, फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या डागेरने १८३८ साली खिडकीतून काढलेला, बहुतेकांनी पाहिला असेल. भर दिवसाचा वर्दळीचा रस्ता, घोडागाड्या, माणसं, सगळं असणार तिथे, पण फोटोत रस्ता ओस. कारण तेव्हा प्लेटवर चित्र उमटायला कित्येक मिनिटं लागायची, जो चालता होता तो उमटलाच नाही. फक्त एक माणूस कोपऱ्यावर बुटाला पॉलिश करून घ्यायला एक पाय वर ठेवून उभा राहिला म्हणून तो दिसतो, आणि त्याच्या पायाशी पॉलिशवाला, जरा पुसट. फोटोत आलेली पहिली माणसं म्हणून जगभर ह्या दोघांचं नाव झालं. म्हणजे नाव नाहीच झालं, नाव कोणालाच माहीत नाही. मला आपली काळजी त्या पॉलिशवाल्याची वाटते, तो पुसट का, तर त्याचे हात चालू होते. काम करणाऱ्याचा फोटो असाच यायचा.

पुढच्या वर्षी, १८३९ला, ही कला पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि बघता बघता आपल्याकडे आलीसुद्धा. मुंबईत १८५४ला फोटोग्राफिक सोसायटी निघाली, भाऊ दाजींचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे तेव्हाचे नावाजलेले फोटोग्राफर. आपल्याला वाटतं की त्या काळात सगळी साहेबांचीच हौस असेल, तसं नव्हतं. पण कॅमेऱ्यासमोर गप्प बसायला लागायचंच. हलू नका, श्वास धरा, अशी ती शिस्त. जुन्या फोटोंतली माणसं रागावलेली वाटतात त्याचं अर्धं कारण हेच असावं, हसू काही तितका वेळ धरून ठेवता येत नाही, ट्राय करून बघा.

आनंदीबाई जोशींचा तो फिलाडेल्फियाचा फोटो मी त्या आठवड्यात कितीदा बघितला असेल. १० ऑक्टोबर १८८५, विमेन्स मेडिकल कॉलेजमधल्या तीन विद्यार्थिनी, साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतली जपानची केई ओकामी आणि दमास्कसहून आलेली सबात इस्लामबुली. तिघींनी आपापल्या देशाचे कपडे मुद्दाम घातलेले. शाळेच्या पुस्तकात आनंदीबाई नेहमी 'पहिल्या महिला डॉक्टर' अशा एकट्याच असतात, एखाद्या पुतळ्यासारख्या. इथे त्या वीस वर्षांच्या आहेत आणि मैत्रिणींबरोबर आहेत. पुढच्या मार्चमध्ये पदवी मिळाली, त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत, २६ फेब्रुवारी १८८७ला, पुण्यात क्षयाने गेल्या, बावीसही पूर्ण नव्हती. हे सगळं आपल्याला माहीत असतं आणि फोटोतल्या मुलीला त्यातलं काही माहीत नसतं. मला तो फोटो फार वेळ बघवत नाही, आणि बंदही करवत नाही.

मुंबईच्या प्लेगचे, १८९६-९७चे फोटोही आहेत, सरकारी कामासाठीच काढलेले. घरं बंबाने धुताहेत, सोल्जर आणि साहेब ऐटीत उभे. ते मी पटकन पुढे ढकलते. पण मागे बघितलं तर घरातली चीजवस्तू रस्त्यावर आलेली असते आणि त्याच्याशेजारी घरातली माणसं, आपलंच घर दुसरा कोणी धुतोय ते बघत उभी. साहेबाला दाखवायचं होतं की काम कसं चोख चाललंय. त्याच्याच नकळत कोणाचातरी संसारही फोटोत येऊन बसला.

आणि न काढलेल्या फोटोंचंही एक असतंच. होमाई व्यारावाला, आपल्या पहिल्या बाई प्रेस फोटोग्राफर, नवसारीच्या, मुंबईत जे.जे.ला शिकलेल्या. सुरुवातीला त्यांनी काढलेले फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावाने. ३० जानेवारी १९४८ला त्या बिर्ला हाऊसला गांधीजींच्या प्रार्थनासभेला जायला निघाल्या होत्या, नवरा म्हणाला आज राहू दे, उद्या दोघं मिळून जाऊ. तो 'आज राहू दे' त्यांना जन्मभर लागला होता. आपल्या घरात पण हे वाक्य रोज कोणीतरी म्हणत असतं आणि काही बिघडत नाही. त्या दिवशी बिघडलं.

(मध्येच एक. दर जूनमध्ये व्हॉट्सॲपवर झाशीच्या राणीचा 'ओरिजिनल' फोटो फिरतो, त्याखाली फोटोग्राफरचं नाव, साल, सगळं ठणकावून लिहिलेलं असतं. पुरावा काय विचारलं की समोरून अंगठा येतो. मी दोन ग्रुपमधून ह्याच कारणाने बाहेर पडलेय.)

परत आमच्या फोटोकडे. रंगाचं भांडण मिटत नव्हतं म्हणून मी दादाकडून मूळ फोटोचा मोठा स्कॅन मागवला, म्हटलं बघू तर खरं. आणि आधी आजीचं कुंकू बघून हसायला आलं, कारण ॲपने तिला चक्क काळी टिकली लावली होती, मुंजीच्या दिवशी, मुलाच्या आईला! मग थोडं वाचल्यावर कळलं की ॲपचाही फारसा दोष नाही. जुन्या जमान्याच्या त्या प्लेटींना लाल रंग दिसायचाच नाही, म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा लावून काम चालायचं. लाल जे काही असेल ते फोटोत काळं. जुन्या फोटोंतल्या सगळ्या बायकांच्या कपाळावर काळे ठिपके असतात ते त्यामुळे. अंजिरीतही लाल बरंच, म्हणजे लुगडं गडद आलं ते बरोबरच, आत्या जिंकली. मी ग्रुपवर तसं लिहिलं. आत्याने विजयी व्हॉइस नोट पाठवली, साडेतीन मिनिटांची.

मग मी उजवीकडे सरकले. फोटोत सगळे चौकात बसलेत, पुढे सतरंजीवर पोरं, त्यात बाबा तीन वर्षांचे, त्यांनी नेमकी मान हलवली म्हणून त्यांना दोन तोंडं आलीत, आणि मागे उजव्या कडेला माजघराचं दार. दारात एक गडद कापड लोंबतंय. लहानपणापासून मी ते बघितलंय, पडदा आहे असंच धरून चाललो आम्ही सगळे. ॲपलाही पडदाच वाटला, त्याने त्याच्यावर छान बारीक फुलं काढली होती.

स्कॅनमध्ये दाराच्या चौकटीवर चार बोटं दिसत होती.

मी दोनदा स्क्रीन पुसला. बोटंच होती. पडद्याला बोटं कुठून येणार. मी तेवढाच भाग क्रॉप करून ग्रुपवर टाकला, विचारलं ही कोण? दादा म्हणाला डाग असेल. काका म्हणाले स्वैपाकीणबाई असतील. आत्याची व्हॉइस नोट तासभर आली नाही, आली ती अकरा सेकंदांची. "आक्का आहे ती. आमच्या आजोबांची बहीण. आलवण नेसायची ना."

नंतर मी फोनच केला तिला. आक्का लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेली, केस काढलेली, सोवळी, लाल आलवणातली (विधवा नेसायच्या ते लुगडं). त्या मुंजीचे लाडू, चिवडा, चारशे पानांचा सैपाक सगळा तिच्या हाताखाली झाला होता, बटूला आदल्या रात्री थोपटून झोपवलं ते पण तिनेच. फोटोला तिला कोणी बोलावलं नाही. "बोलवत नसत गं," आत्या म्हणाली, "म्हणजे नको असं कोणी म्हणालं पण नाही, ती आलीच नसती. फोटोवाल्याने डोक्यावर काळं कापड घेतलं, हलू नका म्हणाला, आणि ती दारात उभी राहिली बघत." पुराच्या आदल्या वर्षी ती गेली. फोटो एकही नाही. तिच्या आलवणाचा लाल प्लेटीला दिसला नाही, तो काळा झाला, आणि आम्ही साठ-पासष्ट वर्षं तिला पडदा म्हणत राहिलो.

मला सगळ्यात नवल ह्याचं वाटतंय की बोटं स्वच्छ आलीत. म्हणजे फोटोवाला हलू नका म्हणाला ते तिनेही ऐकलं होतं.

दादाला हे सगळं ऐकून वाईट वाटलं, मनाने चांगला आहे तो. त्याने काय केलं, तो क्रॉप परत ॲपमध्ये घातला आणि सांगितलं की दारात एक बाई उभी आहे, नीट करून दे. दोन मिनिटांत फोटो आला. दारात एक तिशीची बाई, लाल काठापदराची साडी, भरगच्च केस, अंबाड्यावर गजरा, हसतेय, आणि कपाळावर हे एवढं ठसठशीत लाल कुंकू.

ग्रुपवर कोणीच काही लिहिलं नाही. मला राग आला होता, मी टाईप करत होते की हे काढ आधी, ही कोणीतरी भलतीच बाई आहे, आक्कांचा असा अपमान करू नकोस वगैरे. तेवढ्यात आत्याची व्हॉइस नोट आली. आधी नुसतं हसू, बराच वेळ, मग खोकला, मग म्हणाली, "अशी नव्हतीच रे ती. पण असू दे. काढू नका."

दादाने तो फोटो ग्रुपचा डीपी केलाय. मी माझ्या फोनमध्ये बोटांचा ठेवलाय.