सैतानाची सही कुणी केली?

चेटकिणींच्या खटल्यावरचा जुना युरोपीय चित्रपट लावला की आधी एक गोष्ट बघायची. या गोष्टीत खरं कोण आहे, न्यायाधीश की आरोपी?

मारिओ बाव्हाच्या ‘ला मास्केरा देल देमोनिओ’त (१९६०) आसा खरोखरच चेटकीण आहे. आतून खिळे असलेला मुखवटा घणाने तिच्या तोंडावर ठोकतात आणि दोनशे वर्षांनी ती उठते. म्हणजे मारणारे बरोबर होते. ‘ब्लड ऑन सेटन्स क्लॉ’मध्ये (१९७१) शेतात नांगराने वर आलेल्या कवटीपासून सैतान खराच वाढतो आणि शेवटी तलवार घेऊन आलेला न्यायाधीश गावाला वाचवतो. या पहिल्या गटातले दोन्ही चित्रपट देखणे आहेत, बाव्हाची कृष्णधवल प्रकाशयोजना तर पुन्हा पुन्हा बघावी अशी. पण खऱ्या खटल्यांतले न्यायाधीश स्वतःबद्दल हीच गोष्ट सांगत होते, एवढं ध्यानात ठेवायचं.

दुसऱ्या गटातल्या चित्रपटांत सैतान कबुलीजबाबातून जन्मतो. बेंजामिन क्रिस्टेनसेनचा ‘हेक्सान’ (१९२२) त्याचा मूळपुरुष. क्रिस्टेनसेनने हाइनरिख क्रामरचा १४८६-८७ चा ‘मालेउस मालेफिकारुम’ हा चेटकिणी शोधून शिक्षा कशी करायची ते सांगणारा ग्रंथ समोर ठेवून चित्रपट बांधला आणि सैतानाची भूमिका स्वतःच केली. पडद्यावरचा सैतानी मेळावा, सैतानाच्या पार्श्वभागाचं चुंबन, क्रूस तुडवणं हा सगळा देखावा म्हातारी मारिया छळाखाली जे बोलते त्यातून उभा राहतो. पुढे ती जिने तक्रार केली त्याच घरातल्या बायकांची नावं घेते. खटले असेच वाढत. मेळाव्याला गेलीस हे कबूल केलंस ना, मग तिथे आणखी कोण होतं ते सांग. तिथून पुढे नावातून नाव.

यातला एक प्रसंग बारकाईने बघण्यासारखा आहे. कोठडीतल्या तरुण आईला तिचं बाळ दाखवतात. पाण्यातून गडगडाट कसा काढायचा तेवढं शिकव, सोडून देतो, असं आमिष दाखवतात. पोरापायी ती तयार होते आणि तिथेच अडकते. यंत्र नाही, रक्त नाही, तरी अख्ख्या चित्रपटातला सगळ्यात क्रूर प्रसंग हाच. बघताना पावणेदोन तासांच्या आसपासची मूळ प्रत घ्या. १९६८ ची सव्वा तासाची, जॅझ आणि निवेदन घातलेली आवृत्ती गंमत म्हणून नंतर.

मायकेल रीव्हजच्या ‘विचफाइंडर जनरल’मध्ये (१९६८) तपशिलाची सरमिसळ आहे. लॅव्हनमच्या चौकात बाईला शिडीला बांधून आगीत सोडतात ते दृश्य विसरता येत नाही, पण इंग्लंडमध्ये चेटकाला शिक्षा फाशीची होती. जाळणं स्कॉटलंडचं आणि युरोपच्या मुख्य भूमीचं. चेटकिणी शोधत फिरणाऱ्या मॅथ्यू हॉपकिन्सची भूमिका करणारा व्हिन्सेंट प्राइस तेव्हा पन्नाशी ओलांडलेला. खरा मॅथ्यू हॉपकिन्स विशीतला होता आणि १६४७ मध्ये आजाराने मेला, चित्रपटातल्यासारखा कुऱ्हाडीने नव्हे. पैशाचा भाग मात्र पक्का आहे. एकट्या स्टोमार्केट गावाने त्याला २३ पौंड मोजले, त्या काळी ती मोठी रक्कम.

इंग्लंडच्या कायद्यात छळाला परवानगी नव्हती, म्हणून हॉपकिन्सचा भर झोप मोडण्यावर. संशयिताला रात्रंदिवस जागं ठेवायचं, डुलकी लागली की खोलीत चालवायचं. तीन-चार रात्रींनंतर माणूस विचारेल ते कबूल करतो. पाण्याच्या चाचणीत हाताचे अंगठे पायाच्या अंगठ्यांना बांधून, कमरेला दोर लावून खंदकात सोडत. बुडाला तर निर्दोष, तरंगला तर दोषी. दोराची टोकं तपासणाऱ्यांच्याच हातात. दोर ताठ धरला की कुणीही तरंगतो, कपड्यांत हवा अडकली तरीही. ब्रँडेस्टनचा ऐंशीच्या घरातला पाद्री जॉन लोज याला फ्रॅमलिंगमच्या खंदकात असंच सोडलं आणि १६४५ मध्ये फाशी दिलं. चित्रपटात लोज आहे, चाचणीही आहे. न झोपवण्याचा कंटाळवाणा, सरकारी वाटावा असा भाग अजून यायला हवा होता.

तो बघायचा तर ओताकार व्हाव्राचा ‘क्लादिवो ना चारोदेयनिस’ (१९७०). कृष्णधवल, चेकोस्लोव्हाकियाचा. उत्तर मोराव्हियात १६७८ मध्ये एका म्हातारीने प्रसादाची पवित्र पोळी तोंडातून काढून लपवली. गाय जास्त दूध देईल म्हणून ती गाईला द्यायची होती. एवढ्यावरून बोब्लिग नावाच्या, कायद्याचं शिक्षण अर्धवट सोडलेल्या माणसाला चौकशीला बोलावलं आणि शंभरच्या आसपास माणसं मेली. शुंपेर्कचा धर्मगुरू लाउटनर १६८५ मध्ये जाळला गेला. चित्रपटात एक संन्यासी अगदी जवळून कॅमेऱ्यात ‘मालेउस’मधली वाक्यं पुटपुटतो. त्यानंतर कोठडी, अंगठे चिरडणारा शिकंजा, आणि बाहेर चौकशीवाल्यांचं भरपेट जेवण. जबाब पाठ करून घेऊन आरोपींना कोर्टात उभं करतात तेव्हा तिथल्या प्रेक्षकाला कम्युनिस्ट सरकारने आपल्याच नेत्यांवर चालवलेला १९५२ चा स्लान्स्की खटला न सांगता आठवणार. तिथेही आरोपींनी पाठ केलेलेच जबाब म्हटले होते.

कार्ल ड्रायरचा ‘व्रेडेन्स डाग’ (१९४३) दोन्ही गटांत बसत नाही. आना नवऱ्याचं मरण मनात आणते, त्याच्या तोंडावर तसं म्हणते आणि तो खरंच कोसळतो. चेटूक की योगायोग, ड्रायर सांगत नाही. शेवटी तीच कबुली देते, आणि आपल्यालाही क्षणभर ती खरी वाटते.

‘मार्क ऑफ द डेव्हिल’ (१९७०) सोडला तरी चालेल. अमेरिकेत तिकिटासोबत ओकारीच्या पिशव्या वाटल्या, एवढीच त्याची ख्याती.

केन रसेलचा ‘द डेव्हिल्स’ (१९७१) मात्र चुकवू नका. फ्रान्समधल्या लूदाँचा पाद्री उर्बें ग्रांदिए चेटकाच्या आरोपावरून १६३४ मध्ये जाळला गेला. राजाचा मुख्यमंत्री रिशेलिए याच्या हुकमावरून गावची तटबंदी पाडायला त्याचा विरोध होता. त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे आलेला सैतानाशी केलेला करार उलट्या, आरशात वाचाव्यात अशा अक्षरांत लॅटिनमध्ये लिहिला आहे. खाली सैतानांच्या सह्या. तो कागद आजही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे.