कंसात तात्पुरते

परवा दुपारी एक जुनी फाइल उघडली होती. कामासाठी नव्हे, डोळा लागू नये म्हणून. त्यात कोडच्या वर एक कॉमेंट, म्हणजे पुढच्या प्रोग्रॅमरसाठी लिहिलेली टीप, दिसली: ‘तात्पुरती सोय. पुढच्या आठवड्यात काढणे.’ तारीख अशी, की तेव्हा माझी लेक जेमतेम उभी राहायला लागली असेल. आता ती माझ्या चपला घालते. त्याच ओळीखाली वेगळ्याच कुणाची, बऱ्याच वर्षांनंतरची दुसरी कॉमेंट: ‘काढून पाहिलं. परत टाकलं. हात लावू नये.’

का लावू नये, ते लिहिलेलं नाही. तात्पुरती सोय करणारा नोकरी सोडून गेला, काढून पाहणाराही गेला. त्या सात शब्दांमागे त्या बिचाऱ्याची कसली रात्र गेली असेल, ते मात्र बरोबर कळलं. मी आदराने फाइल बंद केली.

आणि मग कामच सुचेना. बाबांची बेल आठवत राहिली.

लहानपणीच्या आमच्या घराची बेल एकदा बंद पडली. बाबांनी वहीचं अर्धं पान फाडलं आणि त्यावर लिहिलं, ‘बेल बंद आहे. कडी वाजवावी.’ खाली कंसात, ‘तात्पुरते’. बाबांचं अक्षर टपोरं, आणि कंस असा गोल की वाटीने काढलाय. उघडलेला कंस बंद केलाच पाहिजे हा त्यांचा हट्ट. वर्तमानपत्रात एखादा कंस उघडा राहिलेला दिसला तर पेनाने पुरा करायचे. मलाही उघडा राहिलेला कंस दिसला की घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं. माझ्या धंद्यात याला गुण समजतात. घरात नाही.

तर तो कागद पिवळा पडला, टोकं गळाली, शाई उडाली. बाबांनी त्यावर दुसरा कागद चिकटवला. मजकूर तोच, कंस तोच. (आम्ही हल्ली याला मायग्रेशन म्हणतो आणि त्यासाठी शनिवार-रविवार घालवतो.) पुढे कधीतरी वायरमन आला आणि बेल सुरू झाली. कागद निघाला. पण लोक कडीच वाजवत राहिले. पेपरवाला, शेजारच्या काकू, मामा, माझ्या मैत्रिणी, सगळ्यांचे हात आपोआप कडीकडे जायचे. बेल वाजवायचा तो फक्त परका माणूस.

त्याचा परिणाम असा झाला की कडी वाजली तर घरात कुणी हलत नसे. ‘उघडंच आहे’ असं आतूनच ओरडायचं. आणि बेल वाजली की धांदल. बाबा शर्ट चढवायचे, आई केसांवरून हात फिरवायची, माझ्या हातात एखादं पुस्तक कोंबलं जायचं. पहिल्यांदाच येणाऱ्या पाहुण्यांचा अजूनही असा समज असेल की त्या घरातली मुलगी कायम वाचत बसलेली असे. एकदा मामाने फर्मान काढलं, बेल आहे तर बेलच वाजवायची, कडी बंद. तर आईच बिथरली. ‘मग कोण आलंय ते मला कळणार कसं?’

हायरम राइट नावाचे एक अभियंते आहेत, गूगलमध्ये काम केलेले. त्यांच्या नावाने आमच्यात एक नियम सांगतात: वापरणारे पुरेसे झाले, की तुमच्या प्रोग्रॅमच्या प्रत्येक दिसणाऱ्या वागण्यावर कुणी ना कुणी विसंबून असतंच. तुम्ही काय कबूल केलं होतं याला काही अर्थ उरत नाही. हा नियम मी वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आई होती, पदर सारखा करणारी.

याच जातीची एक गोष्ट बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधनसंस्थेतली. (नावाचा योगायोग त्यांचा, माझा नाही.) १९७६ साली तिथे स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचा, कोडचे तुकडे जोडून चालता प्रोग्रॅम बनवून देणारा प्रोग्रॅम लिहिला. त्याच्या फायलीत आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हायला हवी. स्पेसने मोकळी जागा सोडली तर चालत नाही. माणसाच्या डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, मेकला मात्र नाही. हे खटकणारं आहे हे फेल्डमन यांना लवकरच उमगलं. पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, बहुतेक सगळे मित्र, आणि त्यांची घडी विस्कटायला नको म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं. त्या डझनभर मित्रांच्या भिडेखातर प्रोग्रॅमरांच्या पिढ्याच्या पिढ्या न दिसणारा टॅब शोधत बसल्या आहेत. मी स्वतः एका लग्नाच्या मांडवात बसून शोधला आहे. भिडेपोटी झालेली कामं वगळली तर जगातलं किती सॉफ्टवेअर उरेल, हे कुणीतरी बघायला हवं. कुटुंबांचंही त्याच वहीत बघून घ्यावं.

घरी माझं हसं होतं ते ‘पाच मिनिटं’ या शब्दांवरून. ‘आई, निघायचं ना?’ ‘हो, पाच मिनिटं.’ लेक काही न बोलता पायातले बूट काढून ठेवते. ‘दहा मिनिटं’ म्हटलं तर बाहेर जायचे कपडेही बदलते. आणि ‘झालंच’ म्हटलं तर सरळ झोपते. बेल लॅब्जच्याच टॉम कारगिल यांचं एक वचन आहे, १९८५ साली छापून आलेलं: कोडच्या पहिल्या नव्वद टक्क्यांना ठरलेल्या वेळेचे पहिले नव्वद टक्के लागतात आणि उरलेल्या दहा टक्क्यांना उरलेले नव्वद टक्के. बेरीज एकशे ऐंशी होते. नवऱ्याला हे मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. तो भूगोल शिकवतो. म्हणाला, ‘आणि हे लोक आम्हाला नकाशे देतात.’ लेकीने मात्र ते नीट उचललं. गृहपाठ झाला का म्हणून विचारलं की ती हल्ली ‘नव्वद टक्के’ असं उत्तर देते, आणि मला पुढे बोलायला तोंड उरत नाही.

शुक्रवारचंही तसंच. शुक्रवारी दुपारनंतर काहीही लाइव्ह करायचं नाही, हे आमच्या धंद्यातलं सोवळं. बिघडलं तर निस्तरणारा कुणी जागेवर नसतो. ते घरात कसं शिरलं ठाऊक नाही, पण शिरलंय. शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे कुणी प्रगतिपुस्तक दाखवत नाही, कुणी नातेवाइकांचा विषय काढत नाही. नवरा भांडणसुद्धा सोमवारवर टाकतो, म्हणजे निस्तरायला आठवडा हाताशी राहतो. ही पद्धत इतकी चांगली चालली आहे की तिला हात लावायचं कुणाच्या मनात येत नाही.

बाहेर मात्र जपून बोलावं लागतं. एकदा दवाखान्यात नंबर लावून बसले होते आणि टीममधल्या मुलाचा फोन आला. यंत्रावर मेलेल्या प्रोसेस, म्हणजे चालून संपलेले प्रोग्रॅम, साचत चालल्या होत्या. मी सवयीने सांगायला लागले, ‘अरे, मुलं मेली आहेत, पण पालकाने दखलच घेतलेली नाही. म्हणून सगळी झॉम्बी होऊन बसलीत. त्यांना पुन्हा मारून काय होणार? मेलेलीच आहेत ती. तू पालकाला मार. मग एक नंबर त्यांना दत्तक घेईल आणि सगळं साफ करून टाकील.’ पलीकडून त्याने विचारलं, पालक ऐकत नसेल तर? म्हटलं, ‘तर मग नऊ नंबर लाव. त्याला कुणी अडवू शकत नाही.’

फोन ठेवला तर शेजारच्या बाईंनी आपला मुलगा मांडीवर घेतलेला. माझा नंबर त्यांच्यानंतरचा होता, तरी त्यांनी मला आधी जाऊ दिलं.

युनिक्समध्ये, म्हणजे आमची यंत्रं ज्या प्रणालीवर चालतात तिच्यात, हे सगळं रोजचंच. एका प्रोसेसने सुरू केलेली दुसरी प्रोसेस हे तिचं मूल, आणि नऊ नंबर म्हणजे प्रोसेसला टाळता न येणारी बंद होण्याची आज्ञा. पण खरं सांगायचं तर त्यातला एक नियम मला फार आवडतो. पालक प्रोसेस मध्येच गेली आणि मूल मागे राहिलं, तर त्याला तिथल्या तिथे दत्तक घेतलं जातं, बहुधा एक क्रमांकाच्या प्रोसेसकडून. अर्ज नाही, चौकशी नाही, कुणाचं कोण हा प्रश्न नाही. हे ज्याने ठरवलं तो माणूस घरी कसा असेल असं कधी कधी मनात येतं.

मावशीची तऱ्हा वेगळी. तिच्याशी बोलताना एकदा घाईने सांगितलं की नंतर करते फोन, सर्व्हर पडलाय. ‘अगं बाई! फार लागलं का?’ समजावून सांगायला वेळ नव्हता, म्हणून म्हटलं, नाही गं, उठेल आता. तेव्हापासून दर फोनला ती चौकशी करते, ‘तो तुमचा पडला होता, तो बरा आहे ना?’ बरा आहे म्हणते. खोटं काय आहे त्यात?

खेळण्यातल्या रबरी बदकाची युक्ती सगळ्यांना ठाऊक असेल. १९९९ साली आलेल्या एका पुस्तकामुळे ती जगभर गेली. कोड कुठे अडलाय ते टेबलावरच्या बदकाला ओळीओळीने समजावून सांगायचं. सांगता सांगता चूक आपली आपल्यालाच दिसते. आमच्याकडे ते बदक म्हणजे भूगोलाचे सर. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सांगायला लागते, ते उत्तरपत्रिका तपासता तपासता ‘हं’ म्हणतात, आणि तिसऱ्या-चौथ्या ‘हं’ला माझं डोकं उघडतं. मी वाक्य अर्धं टाकून धावते. मागून काही आवाज येत नाही, बदकाला सवय आहे. पण एकदा त्याने मध्येच लाल पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘पण मग ते दोनदा नाही का होत?’ दोनदाच होत होतं. तोच बग होता. मला आनंद व्हायला हवा होता. संध्याकाळपर्यंत मी त्याच्याशी धड बोलले नाही. उत्तर देणारं बदक कुणाला हवं असतं?

पुढच्या वेळी त्याने पुन्हा ‘हं’ सुरू केलं. त्याला तेव्हाच सगळं कळत होतं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

तात्पुरत्याचं चाललं होतं, भलतीकडेच गेले. वर्ष दोन आकड्यांत लिहायचं, हेही तात्पुरतंच होतं ना? जागा महाग, पंचकार्डावर ऐंशीच रकाने, तेव्हा १९६५ ऐवजी नुसतं ६५. मग २००० साल उजाडलं की यंत्रांना ते १९०० वाटणार. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी १९९८ साली तिथल्या संसदेच्या समितीपुढे सांगितलं की साठ-सत्तरच्या दशकांत आपणही असे प्रोग्रॅम लिहिले होते, आणि हे काही थोड्या वर्षांपलीकडे टिकतील असं मनातसुद्धा आलं नव्हतं. एवढ्या मोठ्या माणसाचाही कंसात तात्पुरते लिहिलेला कागद लोकांनी दारावर तसाच ठेवला होता.

आता पुढचा कागद २०३८ चा आहे. युनिक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतं. जुन्या यंत्रांत ही मोजणी बत्तीस बिटांत बसवलेली आहे, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ पर्यंत जाऊन ती संपते. नव्या यंत्रांत चौसष्ट बिट दिले आहेत, ते २९ हजार कोटी वर्षं पुरतील, तोवर माझी दिवाणखाना आवरायची पाच मिनिटंही होऊन जातील. पण जुनी यंत्रं जगात कुठे कुठे बसली आहेत, कुणाच्या भिंतीत, कुणाच्या तळघरात, कुणाला सांगता येणार? त्यांच्यावरही कुणीतरी ‘हात लावू नये’ लिहून ठेवलेलं असणार. १९ जानेवारी २०३८, जागतिक वेळेप्रमाणे पहाटेचे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंद. पुढच्या सेकंदाला मोजणी उलटून ऋण आकड्यावर जाईल आणि त्या यंत्रांना वाटेल की आज १३ डिसेंबर १९०१ आहे.

नवऱ्याने तारखा ऐकल्या आणि कॅलेंडरचं गणित मांडायला बसला. त्याला असल्या गोष्टींत रस आहे. २०३८ मधला तो दिवस मंगळवार निघाला. म्हणजे मंगळवारची पहाट संपणार आणि यंत्रं थेट जाऊन पडणार १९०१ मधल्या त्या दिवशी, रात्री पावणेनऊच्या सुमाराला. ‘वार कुठला येतो बघ,’ म्हटलं.

शुक्रवार.

तेव्हा माझ्या नावाने फोन आला तर आई घरी नाही म्हणून सांग, असं लेकीला आत्तापासूनच बजावून ठेवलंय. शुक्रवारी रात्री मी कशालाही हात लावत नाही.