३०० लिटरची टाकी आणि डबाभर कडक भाकरी

थायलंडमधल्या फुकेतला आमच्या बोटीचा नांगर टाकून आठवडा झाला होता. सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मागचं निळंशार पाणी बघून त्या खूश झाल्या, पण नातीच्या केसांकडे नजर गेली आणि म्हणाल्या, "पाण्यात ऱ्हाता आन् अंघोळीला पाणी न्हाई व्हय गं?"

खरंच नव्हतं. बोटीच्या टाकीत ३०० लिटर मावतं आणि तिघांना ते दहा-बारा दिवस पुरवायचं असतं. समुद्र न बघितलेल्या माणसांनी बोटीवर राहायचं खूळ घेतलं म्हणून सगळे हसले. पण जुळे सोलापुरात नळाचे दिवस मोजत संसार केलेल्या बाईला पाणी कसं पुरवायचं हे कुणी शिकवावं लागत नाही. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, गोडं पाणी फक्त शेवटच्या विसळणीला. अंघोळही तशीच, शेवटी दोन तांबे गोड्या पाण्याचे.

मी १७ वर्षं बँकेत, नवरा इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवायचा. फ्लॅट विकला आणि मलेशियातल्या लंकावी बेटावर ३६ फुटी जुनी शिडाची बोट घेतली. पैसे परदेशी पाठवायची मर्यादा माणशी वर्षाला २,५०,००० डॉलर आहे, ती आम्हाला कधीच आडवी येणार नव्हती. आडवा आला तो टीसीएस, म्हणजे पैसे परदेशी पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर. १० लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के कापून घेतात. रिटर्न भरल्यावर तो वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. बँकेत जन्म घालवून मीच हे हिशेबात धरलं नव्हतं! तुम्ही धरा.

निघायचं ते नोव्हेंबर ते एप्रिलमध्येच, तेव्हा अंदमान समुद्राच्या या बाजूला वारं ईशान्येचं आणि समुद्र शांत असतो. लंकावी ते फुकेत साधारण १२० सागरी मैल. आमची बोट ५ नॉटनं चालते, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटर. या हिशेबानं सोलापूरहून पंढरपूरला जायला आठ तास लागतील. को लिपे, को लांता, फी फी अशा वाटेतल्या बेटांवर मुक्काम करत गेलो, दिवसाच. रात्री मच्छीमारांची जाळी दिसत नाहीत आणि दोरी बोटीखालच्या पंख्यात अडकली की नवऱ्यालाच पाण्यात उतरावं लागतं. मलेशिया सोडताना पोर्ट क्लिअरन्सचा, म्हणजे बंदर सोडायच्या परवानगीचा कागद घ्यायला विसरू नका, पुढच्या देशात तो आधी मागतात. फुकेतला चलाँगच्या धक्क्यावर इमिग्रेशन, कस्टम, बंदर सगळं एकाच इमारतीत होतं.

सामानात आमचं एक गणित साफ चुकलं. सोलापूरचे म्हणून अभिमानानं चादरी आणि जाड टेरी टॉवेल नेले. खारं पाणी लागलेलं कापड कधी वाळतच नाही, मीठ हवेतली ओल ओढून घेतं. पातळ पंचे न्या. कडक भाकरीनं मात्र नाव राखलं. हवाबंद डब्यात ती महिनोन्महिने टिकते, दमट हवेनं नरमली तर तव्यावर फिरवली की पुन्हा कडकडीत. चुरून वर शेंगाचटणी आणि तेल घातलं की बोट हलत असताना चूल पेटवायची गरज नाही. पेटवायचीच तर कुकर वापरा, कलंडला तरी झाकण घट्ट राहतं.

आता ती रात्र. एप्रिलअखेर, परतीचा मुक्काम. संध्याकाळी खोली ५ मीटर दिसली, पुस्तकी नियमानं पाचपट म्हणजे २५ मीटर साखळी सोडली आणि निवांत झोपलो. रात्री दोनला सुमात्रा बेटाकडून वादळ आलं. या भागात असल्या वादळांना 'सुमात्रा'च म्हणतात. डोळे उघडले तेव्हा शेजारच्या बोटीचा दिवा जिथे हवा होता तिथे नव्हता, आणि साखळी हाताला थरथरत होती. नांगर घसरत होता. भरतीनं पाणी अडीच मीटर चढलं होतं, बोटीचं नाक पाण्यापासून सव्वा मीटर वर, म्हणजे आमची पाचपट साखळी तीनपटीहूनही कमी झाली होती. लेकीनं टॉर्च धरला, नवऱ्यानं इंजिन लावलं, मी पावसात आणखी २० मीटर साखळी सोडली तेव्हा नांगर धरला. साखळी नेहमी भरतीच्या पाण्यावर मोजा, नाकाची उंची मिळवून.

शाळेचं सगळे विचारतात. लेक अकराची आहे. दहावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, एप्रिल किंवा ऑक्टोबरच्या परीक्षेला. तोवर आम्ही दोघंच मास्तर, आणि नवऱ्याची चिडचिड हा वेगळा विषय.

सध्या बोट पाण्याबाहेर काढून ठेवली आहे, आम्ही ऑक्टोबरपर्यंत सोलापुरात. सासूबाई या वेळी सोबत येते म्हणताहेत. भाकऱ्या दुप्पट सांगितल्या आहेत. २० लिटरचे पाच कॅनही घेतले, कारण डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय त्या देवाला हात लावत नाहीत.