दुसरा मॉनिटर आणि अडखळणारा गेम

‘दुसरा मॉनिटर जोडल्यापासून गेम अडखळतो, तर नवे ग्राफिक्स कार्ड घ्यावे का?’ असे मला सोसायटीतली मुले विचारतात, आणि कधीकधी त्यांचे वैतागलेले वडीलही. माझे उत्तर बहुतेक वेळा ‘इतक्यात नको’ असेच असते.

दुसऱ्या मॉनिटरचे ओझे मुळात फार नसते. १९२० बाय १०८० पिक्सेलचे एक चित्र कार्डाच्या मेमरीत जेमतेम ८ मेगाबाइट जागा घेते. अडचण येते ती त्या मॉनिटरवर काय चालू आहे आणि त्याचा वेग पहिल्याशी जुळतो का, यामुळे.

माझ्या टेबलावर समोर १४४ हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर आहे आणि डाव्या हाताला जुना, ६० हर्ट्‌झचा. गेम खेळताना डावीकडे ब्राउझरमध्ये क्रिकेटचा सामना लावून ठेवायची मला खोड होती. कोपऱ्यातला आकडा सेकंदाला १४० फ्रेम, म्हणजे गेमची १४० चित्रे दाखवत असे, तरीही गाडी वळणावर घातली की रस्त्याकडेचे खांब सरकण्याऐवजी उड्या मारत. सरासरीचा आकडा इथे साफ फसवतो. १४४ हर्ट्‌झवर एका फ्रेमला सुमारे ७ मिलिसेकंद मिळतात, ६० हर्ट्‌झवर जवळजवळ १७. म्हणून सरासरी सोडून प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा आलेख लावला, तेव्हा ७च्या सपाट रेषेतून मधूनच १७पर्यंत जाणारे सुळके दिसले. सामना बंद केला की सुळके नाहीसे होत, पुन्हा लावला की हजर. तेव्हा दोष कार्डाचा नव्हता, माझ्या खोडीचा होता.

विंडोजमध्ये सगळ्या खिडक्यांची चित्रे एकत्र करून मॉनिटरवर पाठवण्याचे काम डेस्कटॉप विंडो मॅनेजर करतो. विंडोज ७मध्ये त्याची ही जुळणी बंद करता येई, विंडोज ८पासून ती सोय राहिली नाही. दोन वेगांचे मॉनिटर असताना संथ मॉनिटरवर काही हलू लागले, की खिडकीत किंवा बिनचौकटीचा चालणारा गेमही त्या संथ तालात ओढला जाण्याची शक्यता असे. विंडोज १०च्या २००४ या आवृत्तीपासून हे बरेच सुधारले. (ती आली मे २०२०मध्ये, त्या आकड्याने पुष्कळांचा गोंधळ होतो.) म्हणून जुनी आवृत्ती असेल तर आधी ती बदलावी, गेम पूर्ण स्क्रीनवर चालवून पाहावा आणि ब्राउझरमधले हार्डवेअर ॲक्सिलरेशन (ब्राउझरने आपल्या कामासाठी ग्राफिक्स कार्ड वापरण्याची सोय) एकदा बंद करून फरक पडतो का ते तपासावे.

शेजारच्या इमारतीतल्या एका मुलाने तर नव्या कार्डाची किंमतही काढून ठेवली होती. मी सीपीयूच्या मागे टॉर्च मारला, तर नव्या मॉनिटरची केबल वर यूएसबीच्या शेजारी, मदरबोर्डाच्या पोर्टमध्ये होती आणि खाली कार्डाचे पोर्ट प्लॅस्टिकच्या टोपणांसकट मोकळे होते. म्हणजे तो मॉनिटर कार्डाला जोडलेलाच नव्हता. केबल हलवली, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ६०वर राहिलेला वेग १४४ केला आणि चहा येण्याआधी काम संपले.

तरीही शंका उरली, तर दुसऱ्या मॉनिटरची केबलच काढून तोच गेम त्याच जागी पुन्हा खेळून पाहावा. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण काही मॉनिटर बंद असतानाही जोडलेलेच दिसतात. केबल काढूनही सुळके तसेच राहिले, तर मात्र कार्डाविषयी बोलायला हरकत नाही.